न गायच्या घरांची यादी

डिसेंबर लागला की आलेश मेस्त यायचा
हळदोण्याहून, पिकअपच्या हौद्यात पेटी,
पेटीवर जुनी चादर, आणि चादरीवर तो स्वतः.
म्हापशाच्या बाजारात माझं दुकान,
एका बाजूला खारी मासळी, दुसरीकडे मेणबत्त्या.
म्हणायचा, "काळी दोन परत कुजबुजते रे.
नाताळाआधी बोलती कर."

एकवीस वर्षं तोच सूर.
मी पितळ घासायचो, दमट हवेला शिव्या द्यायचो,
पैसे घ्यायचो.
एकदाच तो आला नाही.
मला वाटलं, मडगावचा कोणी स्वस्त मिळाला असेल.
ते मी पुष्कळ दिवस मनात धरलं.

यंदा पेटी घेऊन नात आली, लिझेत.
म्हणाली, शापाय शेवटपर्यंत बोटं हलवत होता
पांघरुणावर.
मी मळसूत्रं काढत राहिलो.
भाता फाटलेला, म्हणून पहिल्यांदाच तळ उघडला.

आत कागद.
पोदेराच्या पिशवीचे, गोळ्यांच्या खोक्याचे,
कपेलाच्या पावत्यांचे, पाठकोरे.
मागच्या फळीला एक चीर होती,
पोस्टाच्या पेटीला असते तशी,
तिथून तो टाकत असणार, दर नाताळाला एक.
त्यातल्याच एकाचा कोपरा
काळी दोनच्या सुराला टेकलेला.

रोमी अक्षरं. मी बोट ठेवून वाचली,
पहिलीतल्या पोरासारखी.

बस्त्यांवकडे यंदा गायचं नाही, बायको गेली.
इनासचा थोरला बोटीवरून आला नाही.
नखेत्र टांगलेलं नाही. गाडी वरच्या रस्त्याने.
पिदादला आधी विचारणे.
गेल्या वर्षी रागावली, का नाही आलात म्हणून.
नार्वेकरांकडे सुतक. नेवऱ्या दारातूनच देणे.

आणि एक, शाई पसरलेला:
पेटीवाल्या हरमलकरचा बाप गेला.
यंदा पेटी नेऊ नये.
कुजबुजते तशीच वाजवू.

दुकानात गिऱ्हाईक होतं. तबल्याला शाई लावायची होती त्याला.
उद्या ये म्हटलं.

तेवीस तारखेला मीही गेलो त्यांच्याबरोबर.
भाता नवा, म्हटलं, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल.
हे कोणी खरं मानलं नाही, पण जागा दिली.
मिंगेलची गाडी, एल्रॉयची गिटार,
लाल टोपीत घामाघूम झालेला कोणाचा तरी जावई.
बर्फाची गाणी, घसरगाडीची गाणी,
आणि गात होती ती पोरं, ज्यांनी बर्फ पाहिला
तो फक्त मासळीच्या खोक्यात.
मग कोंकणीतली, हळू, जुनी,
ज्यांना म्हातारे दारात उभे राहून ओठ हलवतात.
एका गोठ्यात नाचणी रुजत घातलेली,
बोटभर हिरवी,
आमच्या घटाखाली असते तश्शीच. बाळ अजून ठेवायचं होतं.

मेस्ताच्या घराच्या अलीकडे मिंगेलने इंजिन बंद केलं.
कोणी सांगितलं नव्हतं.
सगळे उतरले, गाडी हातांनी ढकलू लागले.
बाल्कांवात त्याची बायको उभी,
काळ्या कपड्यांत, दिवा मागे,
चेहरा दिसत नव्हता.
चाकाखालच्या खडीचा आवाज तेवढा.
लिझेत हौद्यात बसलेली, मांडीशी पेटी,
दोन्ही हातांनी भाता दाबून धरलेला
झोपेतल्या पोराचं तोंड धरावं तसा.

नेमका तिथेच खड्डा.
भाता सुटला. कुठल्यातरी पट्टीवर तिचं कोपर पडलं.
एकच सूर, लांब, स्वच्छ.
मला ओळखायला वेळ लागला नाही.

बाल्कांवात ती हसली की खोकली
कळलं नाही.
"ढकला," मिंगेल म्हणाला, "ढकला."

कागद मी परत आतच ठेवलेत,
सुरापासून दोन बोटं लांब.
चीर बुजवलेली नाही.
पुलापलीकडच्या पहिल्या घरासमोर
एल्रॉयने गिटार लावायला सूर मागितला,
आणि लिझेतने, मला न विचारता,
काळी दोन दिली.